डॉन लोक राहतात कुठे?

कातरसुपारी

टोळीचा म्होरक्या फरार झाला की आपल्याकडच्या बातम्या त्याला आधी विमानात बसवतात. दुबई, बँकॉक, कराची, नाहीतर आफ्रिकेतलं एखादं शहर. सिसिलीच्या माफियाबद्दल हाताला लागेल ते वाचत गेलो तसं माझं मत उलटं होत गेलं. मुरलेला बॉस लांब जातच नाही. पंचक्रोशीतच असतो, 'लो प्रोफाइल' ठेवून, आणि जितका मोठा तितका जवळ.

तोतो रीना घ्या. कोसा नोस्त्राचा, म्हणजे सिसिलीच्या माफियाचा सर्वेसर्वा, फाल्कोने आणि बोर्सेलिनो या दोन तपास न्यायाधीशांना १९९२ मध्ये बाँबने उडवणारा. १९६९ पासून फरार. १५ जानेवारी १९९३ ला पकडला तो कुठे? पालेर्मो शहरातच. भर सकाळी, ड्रायव्हरशेजारी गाडीत बसलेला, जवळ हत्यार नाही. राहायलाही शहरातच, व्हिया बर्नीनीवर, उंच भिंतीआडच्या बंगल्यांच्या सोसायटीत. फरार असतानाच त्याने लग्न केलं, चार मुलं झाली, चौघंही पालेर्मोतच जन्मली आणि खऱ्या आडनावाने नोंदली गेली. तेवीस वर्षं पोलीस 'कसून शोध' घेत होते म्हणे.

त्याचा जोडीदार बेर्नार्दो प्रोव्हेन्झानो तर कहर. १९६३ ला गायब झाला, ११ एप्रिल २००६ ला सापडला. त्रेचाळीस वर्षं! पोलिसांकडे त्याचा फोटो होता तो १९५९ चा, बाकी सगळी अंदाजाने काढलेली चित्रं. मध्यंतरी वकील सांगत होता की आमचा अशील कधीच वारला. आणि सापडला तो कोर्लेओने या आपल्या जन्मगावापासून दोनेक किलोमीटरवर, मोंतान्या देई काव्हाल्ली नावाच्या डोंगराळ भागात, एका धनगराच्या खोपटात.

पकडला कसा ते ऐका. पोलिसांनी माणसाचा माग सोडून कपड्यांचा धरला. बायको कोर्लेओनेत राहायची, तिच्या घरावर कॅमेरे लावले. त्या घरातून अधूनमधून एक पिशवी बाहेर पडायची, धुतलेले कपडे वगैरे. सरळ कुठे जायचीच नाही. एका नातेवाइकाकडे, तिथून दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याच्या गाडीत. असं करत करत ती खोपटापाशी पोचली. समोरच्या डोंगरावर पोलीस दुर्बिणी लावून बसलेले. चीज बनवणारा धनगर तिथे ये-जा करणार, यात वावगं काहीच नाही. पण धनगर बाहेर उभा असताना दार किलकिलं झालं आणि आतून एक हात बाहेर आला. धनगर बाहेर, मग हा हात कोणाचा?

आत एक खाट, शेगडी, औषधांचा ढीग, जागोजागी खुणा केलेलं बायबल आणि इलेक्ट्रिक टाइपरायटर. अब्जावधींची उलाढाल ज्याच्या शब्दावर चालायची तो रिकोटा चीज आणि पालेभाजी खाऊन राहत होता.

तिसरा मात्तेओ मेस्सिना देनारो. १९९३ पासून फरार, १६ जानेवारी २०२३ ला पालेर्मोतल्या कर्करोगाच्या दवाखान्याबाहेर पकडला. राहत होता काम्पोबेल्लो दी माझारा या गावात, म्हणजे जन्मगाव कास्तेल्व्हेत्रानोपासून आठेक किलोमीटरवर.

माझ्या मते कारण साधं आहे. या लोकांची ताकद बँकेत नसते, माणसांत असते. गावाबाहेर पाऊल टाकलं की तो बॉस राहत नाही, नुसता एक म्हातारा राहतो. तुमच्याकडे उदाहरणं असतील तर टाका, पटत नसेल तर भांडा.

मु_पो_कोरेगाव

जबरी धागा. एक शंका. खोपटात बसून धंदा चालवायचा कसा? फोन केला की संपलं ना?

कातरसुपारी

फोनला हातच लावायचा नाही. चिठ्ठ्या. त्यांना तिकडे 'पिझ्झिनी' म्हणतात. टाइपरायटरवर बारीक अक्षरात मजकूर, मग कागदाची घडी घालून घालून बोटाच्या पेराएवढी करायची आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळायची. मग हातोहात, कपड्यांच्या पिशवीसारखीच. वेळ लागायचा, पण टॅप करायला वायरच नाही. माणसांची नावं लिहायची नाहीत, आकडे टाकायचे. नाव लिहायचंच झालं तर अक्षरांचे आकडे, ए म्हणजे ४, बी म्हणजे ५ असं पुढे. आपण शाळेत मागच्या बाकावर वापरायचो त्याहून अवघड काही नव्हतं आणि पोलिसांनी ते फोडायला फार वेळ घेतलाही नाही. मेस्सिना देनारो याच चिठ्ठ्यांत 'अलेस्सिओ' नावाने सही करायचा.

आणि प्रोव्हेन्झानो शेवटी काय लिहायचा माहितीये? देव तुमचं भलं करो, तुमचं रक्षण करो. वर कोणाकडून किती खंडणी घ्यायची, कोणाला कंत्राट द्यायचं, आणि खाली आशीर्वाद.

वाचनमात्र

आमचे मोठे काका जमिनीच्या वादाची पत्रं अशीच लिहायचे. वर शिव्या, खाली 'आपला आशीर्वादेच्छुक'.

हडसनकाठचा

इकडचं एक उदाहरण देतो. न्यूयॉर्कच्या जेनोव्हेझे टोळीचा प्रमुख व्हिन्सेंट जिगांते. हा तर फरारही नव्हता. ग्रीनिच व्हिलेजमध्ये सुलिव्हन स्ट्रीटवर आईच्या फ्लॅटमध्ये राहायचा. दिवसा घरातला अंगरखा आणि स्लिपर घालून रस्त्यावर यायचा, स्वतःशी पुटपुटत फिरायचा. वेडाचं सोंग. तीन दशकं. मनोरुग्णालयात स्वतःहून वीसहून जास्त वेळा भरती झाला. भाऊ पाद्री होता, तो सगळ्यांना सांगायचा की माझ्या भावाला खरंच वेड लागलंय. रस्त्याच्या पलीकडेच यांचा क्लब, तिथे बसून पत्ते आणि कारभार.

त्याचं नाव उच्चारायचीच टोळीत बंदी होती. त्याचं टोपणनाव 'चिन', म्हणजे हनुवटी, म्हणून त्याच्याबद्दल बोलायचं असेल तर हनुवटीला हात लावायचा नाहीतर बोटांनी सी अक्षर करायचं. मायक्रोफोन लावलेत तर लावू देत, टेपवर नावच येणार नाही. रात्री मात्र ही स्वारी पूर्व ७७ व्या रस्त्यावरच्या मैत्रिणीच्या भारी घरात, आणि तिथे वेड गायब.

१९९७ मध्ये शेवटी शिक्षा झाली, बारा वर्षं. तुरुंगातून बायकोपोरांशी फोनवर इतका व्यवस्थित बोलायचा की त्या टेपच त्याच्यावर उलटल्या. २००३ मध्ये कोर्टात कबूल केलं, सगळं नाटक होतं. २००५ मध्ये तुरुंगातच गेला. मी कामानिमित्त त्या भागातून जातो अधूनमधून. आता नुसते कॅफे आहेत आणि भाडं ऐकून खरोखरीचं वेड लागेल.

याच्या अगदी उलट जॉन गॉटी, न्यूयॉर्कच्याच गॅम्बिनो टोळीचा प्रमुख. हजारो डॉलरचे सूट, कॅमेऱ्यासमोर हसणं, मलबेरी स्ट्रीटवरच्या क्लबसमोर सगळ्या टोळीची हजेरी. पोलिसांना शोधायची गरजच नव्हती, नुसते फोटो काढत बसायचे. क्लबच्या वरच्या फ्लॅटमध्ये मायक्रोफोन लावला आणि १९९२ मध्ये जन्मठेप. म्हणून जिगांतेसारखे लोक गॉटीवर मनातून चिडलेले असायचे.

अनघा_स

धागा वाचताना जरा अस्वस्थ झाले. रिकोटा, बायबल, चिठ्ठ्या. साधी राहणी, उच्च विचारसरणी वाटावी असं वर्णन झालंय. लपण्याच्या जागांबद्दलच बोलायचं तर ही पण जागा सांगा ना.

जुझेप्पे दी मात्तेओ, बारा वर्षांचा मुलगा. बाप माफियातला, पण फाल्कोनेंच्या खुनाबद्दल पोलिसांशी बोलायला लागला. त्याचं तोंड बंद करायला नोव्हेंबर १९९३ मध्ये पोरगा उचलला. पळवणारे पोलिसांच्या वेशात आले होते, पोराला वाटलं आपल्याला बाबांकडे नेतायत. मग ७७९ दिवस एका जागेतून दुसऱ्या जागेत. शेवटची जागा सान जुझेप्पे यातो गावाबाहेर, जमिनीखालचा बंकर, वर साधं शेतघर. ११ जानेवारी १९९६ ला त्याचा गळा आवळला आणि देह आम्लात विरघळवला. पुरायलाही काही ठेवलं नाही. या खुनात ज्यांना जन्मठेप झाली त्यांत तुमचे ते काम्पोबेल्लोवाले मेस्सिना देनारोही आहेत.

तो बंकर आज स्मृती उद्यान आहे. 'साधेपणाने राहणारा बॉस' असं म्हणताना एवढं लक्षात असू द्या.

कातरसुपारी

अनघाताई, हे हवंच होतं. ज्याने मुलाला मारायचा हुकूम दिला तो जोव्हानी ब्रुस्का, फाल्कोनेंच्या बाँबचं बटण दाबणाराही तोच. त्याच्या पकडण्याची गोष्ट याच धाग्यात बसते. मे १९९६, अग्रिजेन्तोजवळचं समुद्राकाठचं घर. पोलिसांनी त्याचा मोबाईल टॅप केलेला, कुठल्या भागात आहे ते कळलं होतं, पण नेमकं घर कुठलं? मग एक पोलीस सायलेन्सर काढलेली मोटरसायकल घेऊन घराघरासमोरून गेला. एका घरासमोर आला तेव्हा तो फडफड आवाज टॅप केलेल्या फोनवर ऐकू आला. शिरले आत. टीव्हीवर फाल्कोनेंच्या खुनावरचीच फिल्म चालू होती.

गावठी_वकील

मला मूळ मांडणीच मान्य नाही. 'लो प्रोफाइल' हे त्या माणसाचं कौतुक झालं. प्रश्न तो कसा लपला हा नाही, त्याला शोधत कोण नव्हतं हा आहे.

रीनाचंच बघा. त्याला पकडलं त्याच दिवशी दुपारी व्हिया बर्नीनीवरच्या बंगल्यावरची पाळत उठली. झडती झाली ती अठरा दिवसांनी. तोवर आतली तिजोरी गेलेली, सामान हललेलं, भिंतींना नवा रंग दिलेला. कागदाचा कपटा मिळाला नाही. यावरून वरिष्ठ अधिकाऱ्यांवर खटला चालला, २००६ मध्ये ते निर्दोष सुटले. ठीक, कोर्ट म्हणालं गुन्हा नाही. पण रंगारी येऊन गेले हे तर खरं ना?

प्रोव्हेन्झानोचंही तेच. ऑक्टोबर १९९५ मध्ये लुइजी इलार्दो नावाचा खबरी त्याला मेत्सोयुसो गावाजवळ प्रत्यक्ष भेटून आला, आधी पोलिसांना सांगून. धाड पडली नाही. मे १९९६ मध्ये इलार्दोला कटानियात घरासमोर गोळ्या घातल्या. साक्षीदार म्हणून त्याचं संरक्षण सुरू व्हायला काही दिवसच राहिले होते. त्याही प्रकरणात अधिकारी सुटले. प्रोव्हेन्झानो मग आणखी दहा वर्षं आरामात. २००३ मध्ये दुसऱ्याच्या नावावर फ्रान्समध्ये मार्सेयजवळ जाऊन प्रोस्टेटचं ऑपरेशन करून आला, आणि खर्च दिला कोणी? सिसिलीच्या सरकारी आरोग्यखात्याने. आपल्याला इथे मेडिक्लेमवाले तीन वेळा कागद मागतात.

मु_पो_कोरेगाव

वकीलसाहेब, शेवटच्या वाक्याला साष्टांग.

कातरसुपारी

वकीलसाहेब, आपण एकाच गोष्टीची दोन टोकं धरून ओढतोय. मीही तेच म्हणतोय. गावाजवळ राहण्याचा फायदा काय? तिथे डोळेझाक करणारी माणसं तयार असतात, पिढ्यान्‌पिढ्या तयार केलेली. कोणी भीतीने गप्प, कोणी नात्याने, कोणी पैशाने. परक्या शहरात ही डोळेझाक विकत घ्यावी लागते आणि तिची मुदत असते.

मेस्सिना देनारो तर काम्पोबेल्लोत लपतही नव्हता. गावातल्याच एका माणसाच्या नावाचं ओळखपत्र, त्याच नावाने दवाखान्याचे कागद, बाजारहाट, गाडी. मनगटावर ३५,००० युरोचं घड्याळ. साधेपणाबिधेपणा काही नाही, अनघाताईंची ती शंका इथे तरी फिटावी. पकडल्यावर चौकशीत म्हणाला, झाड लपवायचं तर जंगलात लावावं. आजारपण नसतं तर मी तुम्हाला सापडलो नसतो, असंही म्हणाला, आणि त्यात तथ्य आहे. बहिणीच्या घरी खुर्चीच्या पोकळ पायात एक चिठ्ठी मिळाली, तिच्यात एका कॅन्सर रुग्णाची माहिती होती. तिथून पोलिसांनी देशभरातल्या रुग्णांच्या नोंदी चाळल्या, वय, आजार, ऑपरेशनच्या तारखा जुळवत आणले, आणि एका नावावर बोट ठेवलं. ऑपरेशनच्या दिवशी तो नावाचा खरा मालक दुसरीकडेच होता. सप्टेंबर २०२३ मध्ये मेस्सिना देनारो गेला. म्हणजे तीस वर्षं फरार आणि आठ महिने कैदेत.

लालबागकर

मुंबईचं कोणीच कसं काढलं नाही? भायखळ्याची दगडी चाळ. अरुण गवळी. हा माणूस कधी लपलाच नाही, पत्ता अख्ख्या मुंबईला ठाऊक. पण आत शिरून दाखवा! दारावर पोरं, झडती, अनोळखी माणूस गल्लीत वळला की आत निरोप पोचलेला. पोलीस यायचे ते गाड्या भरून यायचे. नवरात्रात मात्र तीच चाळ सगळ्यांना उघडी, देवीच्या दर्शनाला रांगा.

हे एका रात्रीत होत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, गिरण्या मात्र बसल्या. चाळीतल्या खोल्यांमध्ये बापाचा पगार बंद आणि पोरगं विशीत. रामा नाईक, बाबू रेशीम, गवळी ही भायखळ्याची टोळी त्या पोरांवर वाढली. त्यामुळे 'डॅडी' म्हणणारी माणसं काही नुसती भीतीने म्हणत नव्हती. कोणाच्या दवाखान्याचं बिल, कोणाच्या लग्नाचा खर्च. आणि खंडणी कोणी दिली, तीही मराठी दुकानदारांनीच, हेही सांगतो. २००४ मध्ये चिंचपोकळीतून आमदार झाला. २००८ मध्ये अटक, २०१२ मध्ये नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांच्या खुनात जन्मठेप, आणि २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या जामिनावर बाहेर. आला तो कुठे? दगडी चाळीतच.

म्हणजे कातरसुपारींचा मुद्दा आपल्याकडेही लागू आहे. जो गेला तो संपला. छोटा राजन, टिळकनगरचा. गणपतीचं केवढं प्रस्थ होतं. बाहेर गेला, २००० मध्ये बँकॉकमध्ये गोळ्या खाल्ल्या, हॉस्पिटलच्या खिडकीतून निसटला, मग मोहन कुमार नावाच्या पासपोर्टवर वर्षानुवर्षं. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातून बालीला उतरला आणि विमानतळावरच धरला. तोवर टिळकनगरला त्याच्या नावाने ना कोणी घाबरत होतं ना कोणी वर्गणी देत होतं.

गावठी_वकील

दाऊद मग? तो तर गेला आणि मोठा झाला.

लालबागकर

तो वेगळा हिशेब. संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध यादीत त्याचे कराचीचे पत्ते छापलेले आहेत, क्लिफ्टनमध्ये सौदी मशिदीजवळ, दुसरा डिफेन्स हाउसिंगमधला. पाकिस्तान म्हणतं आमच्याकडे नाहीच. २०२० मध्ये त्यांच्याच सरकारी अधिसूचनेत तेच पत्ते छापून आले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'आमच्याकडे नाही'. याला लो प्रोफाइल म्हणत नाहीत, याला सरकारी पाहुणचार म्हणतात. त्याला खोपटाची गरज नाही.

खिडकीतला_बोका

लांब जाऊन सोळा वर्षं टिकलेला एक आहे, पण त्याने मूळ मुद्दाच सिद्ध होतो. बॉस्टनचा व्हाइटी बल्जर. एफबीआयचा खबरी होता आणि त्यांच्याच एका माणसाने १९९४ मध्ये 'पळ' म्हणून सांगितलं. गेला तो देशाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसच्या शेजारी सांता मोनिकात, समुद्रापासून दोन-तीन रस्ते अलीकडे. भाड्याचा फ्लॅट, चार्ली आणि कॅरॉल गॅस्को असं म्हातारं जोडपं. भिंतीत आठ लाखांवर डॉलर रोख आणि तीस बंदुका. पण टोळी? शून्य. सोळा वर्षांत कोणाला दमदाटी केली असेल तर फार तर शेजाऱ्यांना.

एफबीआय त्याचे फोटो लावून लावून थकली. २०११ च्या जूनमध्ये त्यांनी त्याच्या फोटोंचा नाद सोडला आणि मैत्रिणीचे फोटो टीव्हीवर द्यायला सुरुवात केली, बायका बघतात त्या दुपारच्या कार्यक्रमांच्या वेळात. कॅथरीन ग्रेग. तिला मुक्या प्राण्यांचा लळा, गल्लीतल्या एका भटक्या मांजराला रोज खाऊ घालायची. त्या मांजरामुळे तिची ओळख झालेली एक जुनी शेजारीण तेव्हा आइसलँडला होती. तिने बातमी बघितली आणि फोन केला. दोन-तीन दिवसांत बल्जर आत. वीस लाख डॉलर बक्षीस.

आमच्या जमातीने केलेलं एकमेव समाजकार्य म्हणून ही नोंद घ्यावी.

अनघा_स

बोकोबा, दंडवत! आणि बघा, एकाला बायकोकडून आलेले धुतलेले कपडे नडले, एकाला बहिणीच्या घरातली चिठ्ठी, एकाला मैत्रिणीचं मांजर. तीस-चाळीस वर्षं या लोकांचं घर कोण चालवत होतं ते यातूनच कळतं. बातमीत त्या बायकांना एक ओळ.

जगबुडीकाठ

इतके दिवस नुसता वाचत होतो. खेड तालुक्यातला आहे म्हणून लिहितो. दाऊदचं मूळ गाव मुंबके आमच्याच तालुक्यात. बाप मुंबई पोलिसात हेड कॉन्स्टेबल. गावचं जुनं घर आणि जमिनी सरकारने जप्त केल्या, मग लिलाव. २०२० मध्ये बंगला दिल्लीच्या एका वकिलाने ११ लाख २० हजारांना घेतला. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा लिलाव, त्यात एक जेमतेम १७१ चौरस मीटरचा तुकडा, सरकारी किंमत रुपये १५,४४०. गेला कितीला? दोन कोटी एक लाखाला, त्याच वकिलाला. आमच्याकडे तेवढ्या जागेत धड दहा कलमं लागत नाहीत.

गावठी_वकील

हे लिलाव होतात ते स्मगलर आणि परकीय चलन गुन्ह्यांच्या मालमत्तांच्या १९७६ च्या कायद्याखाली. आपल्याकडे शेवट लिलावात होतो. इटलीने १९९६ मध्ये १०९ क्रमांकाचा कायदा केला, जप्त मालमत्ता विकायची नाही, समाजाच्या वापराला द्यायची. ज्या व्हिया बर्नीनीवरच्या बंगल्यात रीना राहत होता तिथे आता सिसिलीच्या पत्रकारांच्या संघटनेचं कार्यालय आहे. कोर्लेओनेच्या आसपासच्या जप्त जमिनींवर सहकारी संस्था द्राक्षं आणि गहू पिकवतात. सुरुवातीला यांची उभी पिकं जाळली गेली, तरी टिकल्या.

इथे लिलावात अडचण अशी की लोक बोली लावायलाच घाबरायचे. २०१५ मध्ये मुंबईत पाकमोडिया स्ट्रीटजवळच्या दाऊदच्या हॉटेलची सव्वाचार कोटींवर बोली एका ज्येष्ठ पत्रकाराने जिंकली, उरलेले पैसे उभे राहिले नाहीत, व्यवहार फिसकटला. २०१७ मध्ये ते हॉटेल आणि आणखी दोन इमारती भेंडीबाजाराचा पुनर्विकास करणाऱ्या ट्रस्टने मिळून साडेअकरा कोटींवर घेतल्या.

मु_पो_कोरेगाव

त्याच २०१५ च्या लिलावात त्याची जुनी ह्युंदाई अॅक्सेंट पण होती ना? ती हिंदू महासभेच्या स्वामी चक्रपाणींनी बत्तीस हजारांना घेतली आणि गाझियाबादला नेऊन पेटवून दिली.

वाचनमात्र

बत्तीस हजार, टोचनचं भाडं आणि वर रॉकेल. सेकंडहँडमध्ये महागच पडली म्हणायची.